कापूस इथला, गिरणी तिथली



दिवाळी उलटली की नांदगावाहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या सडकेला कापसाची वाहने लागतात. पूर्वी बंड्या होत्या, आता ट्रॅक्टर आणि मालमोटारी आहेत. पण कापूस जायचा आणि कापड यायचे, हा क्रम फारसा पालटलेला नाही. यंत्रयुग जगाच्या काही भागांत आधी आणि काही भागांत उशिरा का आले, हा म्हणूनच केवळ विलायतेच्या इतिहासाचा प्रश्न नव्हे. तो आपल्या धुऱ्यावरचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रथम बाजूला सारली पाहिजेत. जेथे कच्चा माल तेथे कारखाना, हे पहिले. ते खरे असते तर पहिली गिरणी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर उभी राहिली असती. लँकेशायरमध्ये तर पऱ्हाटीचे एक झाडही उगवत नाही. आमचा माणूसच आळशी, हे दुसरे उत्तर. परंतु १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा भाव पाहून आपला पेरा वाढविणारा शेतकरी हाच होता. आळशी माणसाला बाजाराची हाक इतक्या लवकर ऐकू येत नाही.

मग इंग्लंडलाच हे आधी का साधले? अठराव्या शतकात तेथे मजुरी महाग होती आणि कोळसा स्वस्त होता. हारग्रीव्हजचा चरखा, आर्कराइटचे सूतयंत्र, वॅटचे बाष्पयंत्र हे सारे १७६४ नंतरच्या थोड्या वर्षांत निघाले, कारण माणसाचे श्रम वाचविणारे यंत्र तेथे पैसा वाचवीत होते. आपल्याकडे सूत कातणारीची मजुरी इतकी अल्प होती, की तिच्या जागी यंत्र बसविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला असता. दारिद्र्यामुळे यंत्र आले नाही आणि यंत्र न आल्यामुळे दारिद्र्य हटले नाही, असे हे चक्र आहे. शिवाय १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी इंग्लंडने हिंदी छापील कापडाला आपल्या बाजाराचे दार लावून घेतले होते. खुल्या व्यापाराचा उपदेश त्यांना पुढे सुचला.

आता वऱ्हाडकडे वळू. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख कंपनीच्या कारभारात आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा खुला झाला. रेल्वे आली म्हणजे उद्योग येतो असा समज आहे. पण त्या काळचे कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांची अपेक्षा निराळीच होती आणि त्यांनी ती उघड लिहून ठेवली आहे: रेल्वेने विलायती कापड येथे स्वस्त विकले जाईल, देशी सुतात खपणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. म्हणजे रूळ आले ते कारखाना आणण्यासाठी नव्हे. होता तो धंदा मोडला तरी चालेल, किंबहुना बरेच, या हिशेबाने.

तथापि सारा दोष परक्या सत्तेच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. त्याच सत्तेखाली मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात उभी राहिली. मुंबईच्या व्यापाऱ्यांपाशी चीनच्या व्यापारातून साठलेले भांडवल होते आणि ते एकत्र गुंतविण्याची सवय होती. जमशेटजींनी जवळचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि रेल्वे यांचा मेळ पाहून जागा निवडली. आमच्याकडचा पैसा सावकारीत आणि कापसाच्या खरेदीत फिरत राहिला. शेत गहाण ठेवून मिळणारे व्याज घरबसल्या येत असता गिरणीचा धोका कोण पत्करणार? बडनेरा, अकोला, अचलपूर येथे गिरण्या निघाल्या खऱ्या; पण गावोगाव पसरले ते जिन आणि प्रेस. जिनमध्ये सरकी निराळी होते, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि हंगाम सरला की भोंगा बंद. चार-सहा महिन्यांच्या अशा कामातून कारागीर घडत नाही.

आणि सत्तेचा प्रश्न तरीही उरतोच. जपानातही गिरण्यांना पुरेल असा कापूस नव्हता. ओसाकाची मोठी सूतगिरणी १८८३ मध्ये चालू झाली आणि आपल्या उमरावतीवरून 'उमरा' हे नाव पडलेला कापूस मुंबईहून तिकडे जाऊ लागला. १८९६ मध्ये जपान सरकारने कच्च्या कापसावरील आयात कर रद्द केला. त्याच १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला, तो लँकेशायरच्या समाधानासाठी. ही वसुली १९२५ च्या अखेरीपर्यंत चालली. वर्ष एक, कापूस एक. सरकार मात्र एकाचे आपले आणि दुसऱ्याचे परके.

तेव्हा कोळसा आणि मजुरी यांनी यंत्र कोठे जन्मेल हे ठरविले; ते पुढे कोठे नांदेल हे भांडवल, शिक्षण आणि राजसत्ता यांनी ठरविले. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातच्या नव्हत्या. पुढच्या तीन आता आहेत. वीज गावोगाव आली आहे, सरकार आपले आहे. २०२४ मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या परिसरातील मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. नाव आपलेच, गाव मात्र दुसरे! परंतु प्रश्न गावाचा नाही. तेथील यंत्रावर आमचा मुलगा व मुलगी कोणते काम शिकतील, त्यात आमचा पैसा असेल काय, आणि निर्णय कोण घेईल, हे विचारले पाहिजे. हे न विचारता आपण नुसती जमीन आणि कापूस देत राहिलो, तर गिरणी जवळ येईल, पण ती आपली होणार नाही.