टेकूवरची चाळ : दुरुस्ती कुणी करायची?



आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचं कुणी ना कुणी मुंबईच्या चाळीत राहिलेलं आहे. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत कामाला गेली आणि दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडला. भाडं कमी होतं. पण जिना मोडला, तुळई कुजली, तर दुरुस्ती कुणी करायची? मुंबईत पिढ्यान्पिढ्या चाललेल्या या भांडणाचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. तालुक्याच्या गावी शिक्षणासाठी, नोकरीसाठी भाड्याने राहणाऱ्या आपल्या लेकीबाळींनाही तो उपयोगी पडेल.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत खोल्या मिळेनात. तेव्हा सरकारनेच वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. इमारती २०७, खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिथे घरमालक सरकारच. बाकीच्या बहुतेक चाळी मात्र खासगी मालकांच्या होत्या.

१९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला. जुन्या खोल्यांची भाडी सप्टेंबर १९४० ला होती तेवढ्यावरच बांधली गेली. गरिबाला मोठा आधार झाला. घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी त्याच कायद्याने मालकावर टाकली होती. पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. मालक म्हणायचे, एवढ्याशा भाड्यात चुना-सिमेंटही परवडत नाही. भाडेकरू म्हणायचे, घर तुमचं, खर्च आम्ही का करायचा? दोघांच्या वादात लाकडं कुजत राहिली. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या, माणसं दगावली.

शेवटी १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं गेलं. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा, त्यात सरकार आणि महापालिकेने भर घालायची आणि त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ती सोय. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. लोक त्यांना सेसच्या इमारती म्हणतात. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. पण दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा होती, म्हणून पुष्कळ चाळी टेकूवरच उभ्या राहिल्या. आजही पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढावी लागते.

सध्याचा कायदा १९९९ चा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम. त्याच्या कलम १४ नुसार घर सुस्थितीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. भाडं कमी आहे म्हणून ते टळत नाही. त्याने टाळाटाळ केली, तर निदान १५ दिवसांची नोटीस द्यायची. सगळ्या भाडेकरूंनी मिळून एकच नोटीस दिली तरी चालते. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. महिना १,००० रुपये भाडं असेल, तर वर्षात जास्तीत जास्त ३,००० रुपये.

भाडेकरूवरही जबाबदारी आहेच. भाडं वेळेवर द्यावं, घराची नासधूस करू नये. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर घर खाली करून मागायला त्याला कारण मिळतं.

आपल्या बचत गटात वहीत नोंद नसेल, तर भरलेला हप्ताही सिद्ध होत नाही. भाड्याच्या घराचंही तसंच आहे. भाडेपावती मागून घ्या, मालकाने ती द्यायलाच हवी. नोटीस लेखी द्या, तिची प्रत आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवा.

हा कायदा प्रत्येक गावाला लागू नाही. म्हणून भाडं कापण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारून घ्या. तिथे बायकांना मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. आणि छताला तडा दिसला, जिना हलू लागला, तर पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नका. नोटीस उन्हाळ्यातच द्या.