गोल्डनआय ००७
ब्रिटनमधील ‘रेअर’ कंपनीने निन्टेन्डो ६४ साठी १९९७ मध्ये काढलेला नेमबाजीचा व्हिडिओ गेम. दिग्दर्शक मार्टिन हॉलिस. मुळात हा एकट्याने खेळायचा खेळ, आणि त्याची खरी गुणवत्ता तिथेच आहे. काठिण्यपातळी वाढली की शत्रू चिवट होतातच, शिवाय कामेही वाढतात : धरणावरच्या पहिल्या मोहिमेत सोप्या पातळीला फक्त धरणावरून उडी घेऊन निसटायचे असते, पुढच्या पातळीला आधी सगळे भोंगे निकामी करावे लागतात. अनेकांनी खेळायचा भाग निर्मितीच्या अखेरच्या महिन्यांत स्टीव्ह एलिस यांनी जोडला. त्यात पडद्याचे चारपर्यंत भाग होतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या भागात डोकावून त्याचा ठावठिकाणा कळतो. या भागात निवडता येणाऱ्या पात्रांपैकी बुटक्या ऑडजॉबवर नेम धरणे अवघड. म्हणून त्याला निवडणे अनेक खेळाडू लबाडीच मानतात.