थंड तारे एक्स-रेमध्ये इतके का चमकतात? गुपित त्यांच्या गिरकीत आहे

सूर्य विषुववृत्तापाशी स्वतःभोवती एक फेरी साधारण 25 दिवसांत पूर्ण करतो. एबी डोराडस या ताऱ्याला त्यासाठी जेमतेम 12 तास लागतात. सुमारे 50 प्रकाशवर्षं दूर असलेला हा तारा सूर्यापेक्षा थंड आहे. तरीही एक्स-रेमध्ये तो सूर्याहून शेकडो पट तेजस्वी आहे. असं का?

एक्स-रे येतात कुठून?

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 5,500 अंश सेल्सिअस आहे. खगोलशास्त्रात सूर्य आणि त्याहून कमी तापमानाचे तारे 'थंड' समजले जातात. त्यांच्या पृष्ठभागातून एक्स-रे निघत नाहीत. ते निघतात बाहेरच्या विरळ वातावरणातून, म्हणजेच करोनातून. तिथलं तापमान 10 लाख अंशांच्याही वर जातं आणि ही उष्णता चुंबकीय क्षेत्रामुळे तिथे पोहोचते.

फिरण्याचा संबंध काय?

या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात विद्युतभारित वायू उकळत्या पाण्यासारखा वर-खाली होत असतो. त्याला ताऱ्याच्या फिरण्याची जोड मिळाली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. यालाच 'डायनॅमो' म्हणतात. वेग जितका जास्त, तितके डाग, ज्वाळा आणि एक्स-रेही जास्त.

पण यालाही मर्यादा आहे. ताऱ्याच्या एकूण ऊर्जेच्या साधारण हजाराव्या भागापर्यंत पोहोचल्यावर एक्स-रे वाढायचे थांबतात. सूर्याचा हा वाटा जेमतेम दहा लाखावा आहे.

तारे मंदावतात कसे?

ताऱ्यातून सतत वायू बाहेर पडतो. चुंबकीय क्षेत्रात अडकलेला हा वायू ब्रेकचं काम करतो. 1972 मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी याचा नियम मांडला: वय चौपट झालं की फिरण्याचा वेग निम्मा होतो. एबी डोराडस अजून तरुण आहे. सूर्य मात्र सुमारे 460 कोटी वर्षांचा आहे, म्हणून तो शांत आहे.

आपल्याला याचं काय?

तीव्र एक्स-रे ग्रहाचं वातावरण हळूहळू उडवून लावू शकतात. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी हा छोटा लाल तारा आहे. असे तारे फार काळ सक्रिय राहतात आणि प्रॉक्झिमावर आजही मोठ्या ज्वाळा उसळतात. 2016 मध्ये त्याच्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडला. तिथलं तापमान पाण्याला पोषक असू शकतं. पण पाणी टिकायला वातावरणही टिकायला हवं. त्यामुळे जीवसृष्टीचा शोध घेताना ग्रहाइतकाच त्याच्या ताऱ्याचा स्वभावही तपासावा लागतो.