विरासत, खजिना आणि घरातली माणसे



व्याख्यानमालेत 'वारसा' हा शब्द आला की आपण सावरून बसतो; आता संतकवींविषयी काही ऐकावयास मिळणार, असे वाटते. ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईस मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या आहेत, तेथे ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. मी मात्र आज तलाठ्याच्या दप्तरातल्या वारशाबद्दल बोलणार आहे. घरचा कर्ता गेल्यावर सरकार त्या घराकडून काय घेते, त्या घराला काय देते, आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणाला देते, हा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा सुमारे एक तृतीयांश मुलूख जहागिरींत वाटलेला. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. गावच्या महसुलावरचा हक्क, आणि तोही हयातीपुरता. जहागीरदाराने डोळे मिटले की कायद्याच्या दृष्टीने जहागीर सरकारात परत जाई. मग विरासतीची चौकशी होई आणि ती वारसाच्या नावे नव्याने बहाल होई. बापाची जहागीर मुलाकडे आपोआप येत नसे, ती त्याला पुन्हा दिली जात असे. पहिल्या सालारजंगाने (दिवाणगिरी 1853 ते 1883) वसुलीचे काम देशमुख-देशपांड्यांकडून काढून सरकारी तहसीलदारांकडे दिले आणि त्यांना रोख रुसूम बांधून दिला, तेव्हा त्या रुसुमालाही विरासतीचा प्रश्न चिकटलाच.

एका जहागिरीवर एकच माणूस जगत नसे. हिस्सेदार असत, आणि त्यांच्याखेरीज गुजारायाफ्ता, म्हणजे निर्वाहासाठी नेमणूक मिळणारी घरातली माणसे. विरासतीच्या कागदावर कोणाचे नाव चढते, यावर या साऱ्यांची चूल अवलंबून असे. 15 ऑगस्ट 1949 रोजी जहागिरी नष्ट झाल्या, पुढे 1954 च्या कायद्याने इनामे आणि रोख नेमणुकांचीही तीच वाट लागली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. तो पैसा अखेर रयतेच्याच खळ्यावरून येत होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दरबारास वारस कोण, याची चौकशी करण्यात स्वार्थ होता. खजिन्याचा पैसा त्यात गुंतलेला होता, म्हणून प्रत्येक मृत्यूबरोबर कागद हलत असे.

स्वतंत्र भारतात मृत्यूवरचा कर आला तो 15 ऑक्टोबर 1953 पासून, आणि मार्च 1985 मध्ये तो गेलाही. मोठ्या मिळकतींसाठी असलेल्या त्या कराची झळ आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला लागण्याचा संभव थोडाच होता. आज वारशाने मिळालेल्या मिळकतीवर, केवळ ती मिळाली म्हणून, कर नाही. शेतीचे उत्पन्नही आयकरातून मुक्त आहे. (शहरातले घर वारशाने आले आणि त्याचे भाडे येऊ लागले, तर ते भाडे मात्र वारसाच्या उत्पन्नात धरले जाते.) यातून आपल्या लोकांनी एक सोयीस्कर निष्कर्ष काढला: कर नाही, तर नोंदीची घाई कशाला? सरकारलाही घेण्यासारखे काही उरले नाही, म्हणून तेही विचारीना. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर आजोबाच नांदतात, हे दृश्य आपणांपैकी कोणास नवे आहे?

पण घेणे थांबले तरी देणे सुरू झाले आहे. 2019 पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6000 रुपये देते. त्यासाठी जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी नावावर असावी लागते. मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे, पण त्यासाठी वारसाची नोंद झालेली हवी. आयकर भरणारा आणि सरकारी नोकर यांना हा पैसा मिळत नाही. आता असे घर डोळ्यांपुढे आणा: थोरला भाऊ पुण्यास सरकारी शाळेत शिक्षक, धाकटा गावी शेत कसणारा. वडिलांमागे सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव लागले, 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून. वडिलांना हप्ता मिळत होता. थोरला नोकरीमुळे अपात्र, आणि नांगर धरणारा धाकटा कागदावर नाहीच. नियम कोणी मोडला नाही, तरी पैसा बंद. आपल्याच जिल्ह्यातल्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेच्या दोन लाखांसाठीही प्रथम सातबाराच पाहिला जातो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (1966) वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी देण्यास सांगितले आहे. तोंडी दिली तरी चालते. मुदत वाजवी दिसते. पण दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले आपले ऊसतोड कुटुंब चार-पाच महिन्यांनी परतते. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीचे पंधरा दिवस सरतात, आणि ज्यांची हरकत असावयाची ती माणसे तेव्हा उसात असतात.

त्या माणसांत बाईचे नाव सर्वांत शेवटी येते. कायदा तिला विसरला होता असे म्हणता येणार नाही. 1956 च्या कायद्याने विधवेचा हयातीपुरता हक्क पुरा मालकीचा केला. 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये सबंध देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवले. तथापि भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोडपत्र कधी पुढे येते, हे सांगण्यास वकील नको. गुजारा मिळणाऱ्या जुन्या विधवेला मालकी नव्हती, पण यादीत नाव होते. आजच्या विधवेला मालकी आहे, आणि पुष्कळदा नाव नाही. मला हा उलटा न्याय वाटतो.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्र सरकारने राज्यभर मोहीम काढली, तिचे नाव 'जिवंत सातबारा'. गावोगाव मृतांच्या याद्या करून वारसांचे कागद मागवण्याचे काम तलाठ्यांकडे आले. मोहीम एप्रिलमध्ये निघाली ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या पथ्यावर पडणारी होती, कारण तोवर फडावरच्या गाड्या बहुधा गावी परतलेल्या असतात.