आरमाराचे लाकूड आणि रयतेची झाडे

नारपोलीत आज यंत्रमाग आणि गोदामे यांखेरीज दुसरे काही सहसा नजरेत भरत नाही. परंतु ज्या कल्याण-भिवंडीच्या मुलखात हे गाव वसले आहे, तो मुलूख 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी काबीज केला आणि कल्याणच्या खाडीवर स्वराज्याच्या आरमाराचा पाया घातला. आरमार म्हणजे लाकूड. आणि त्या निकडीपायी रयतेची परसे व भोवतालची राने उजाड करण्याचा मोह कोणत्याही सत्तेस व्हावा. ज्या राज्याने तो मोह आवरला, त्याच्या धन्याची घडण सह्याद्रीच्या कडेकपारींत झाली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मावळची भूमी मोठी अवघड. डोंगरउतारावर मातीचा थर जेमतेम, त्याखाली काळा कातळ आणि वर चार महिने कोसळणारा पाऊस. तेथे दगडाची ताल रचून अडवलेली माती हीच कुणब्याची खरी दौलत. त्यात 1630 चा दुष्काळ पडला आणि आदिलशाही फौजेने पुण्याची राखरांगोळी केली. दादोजी कोंडदेवांनी पडजमिनींचे कौल देऊन, आरंभी सारा अल्प ठेवून तो क्रमाक्रमाने वाढवीत, लांडगे मारणाऱ्यांस बक्षिसे देत हा ओसाड प्रदेश पुन्हा लावणीस आणला, तो महाराजांच्या वाढत्या वयात. राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी, 1676 मध्ये, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस त्यांनी जे पत्र लिहिले, त्यात गावोगाव हिंडून कुळांस जमवावे, ज्याच्यापाशी बैल नाहीत त्यास बैलांसाठी पैका आणि खावयास धान्य द्यावे, त्यावर वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल सवडीने उगवावे, आणि या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी करावा, अशी ताकीद आहे. जमीन पडीक राहणे हीच त्यांच्या लेखी राज्याची हानी होती.

महाराजांच्या अष्टप्रधानांतील रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या आज्ञापत्रात हीच दृष्टी झाडांकडे वळलेली दिसते, आणि तीही नेमकी आरमाराच्या प्रकरणात. सागवानादी लाकूड रानातून आणणे ते हुकमाने आणावे, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करावे. आंबा, फणस आरमारास उपयोगी खरे, परंतु त्यांस हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात आणि तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानेच न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. राजाची गरज आणि रयतेचे झाड यांत झाडाची बाजू घेणारी ही कलमे डोंगरी राज्याच्याच दफ्तरातून निघावीत, यात मला नवल वाटत नाही.

शहरांतील झाडे परवानगीवाचून तोडू नयेत, असा कायदा महाराष्ट्रात 1975 पासून आहे. नारपोलीभोवतीच्या, कामवारी नदीच्या या परिसरात नवे गोदाम उभारू इच्छिणाऱ्याने झाडतोडीचा अर्ज लिहिण्यापूर्वी, आणि तो मंजूर करणाऱ्याने सही करण्यापूर्वी, आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण एकदा अवश्य वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.