पत्रकातली पहाट आणि माळवदावरची माती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून गावे नुकतीच झोपली होती. लातूर आणि आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. सास्तूरचा तर दगडमातीचा ढिगारा झाला. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले, ती साऱ्यांना ठाऊक आहेत. पण त्याहून कितीतरी अधिक गावांत तडकलेली घरे उभी होती. ती जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेचे कर्ज होते, अनुदान होते, अभियंते होते. लोकांचा विश्वास मात्र नव्हता. ज्या दगडाने माणसे मारली, त्याच्याच घरात पुन्हा झोपा, हे सांगायचे कसे?

मी तेव्हा नुकताच बी.ए. झालेलो, कविता करणारा. एका कार्यालयाने मला पत्रक लिहायला बसवले. मी झोकात लिहिले, 'नवी पहाट उगवत आहे.' घरे पहाटेच पडली होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही! गावात वाचून दाखवले, तर एक आजी म्हणाली, "लेकरा, ह्या माळवदाखाली तू निजशील का?" मी गप्प.

हे काम खरे केले ते बायकांनी. शासनाने लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे दिली. गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' पुढे आल्या. नावच किती नेमके! 'प्रचारक' नव्हे. घर मजबूत कसे होते, ते त्या आधी स्वतः शिकल्या. माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत जाते, तिचे ओझे उतरवा. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड सुटे असतात, त्यांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड मधूनमधून घाला. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपा टेका द्या. शिवाय ऐकणाऱ्याला सांगणारी माहीत होती. तिचेही घर तडकलेले, तिचीही मुले त्याच छपराखाली निजणारी. असली साक्ष माझ्या पत्रकात कुठून येणार?

मग मी पत्रक फाडून पुन्हा लिहिले. 'पहाट' काढली, 'माती' घातली. दगड का निखळले, अनेक घरांत लाकडी सांगाडा तसाच कसा उभा राहिला, एवढेच चार ओळींत. वाचून झाल्यावर तीच आजी वर माळवदाकडे बघत म्हणाली, "माती किती काढायची म्हनलास?"