परमिट रूम (नागपूर)

परवान्याने मद्य विकणारी व बसून पिण्याची जागा. नावाचे मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. या कायद्यानुसार पिणाऱ्यालाही परवाना लागतो. नागपुरात गिऱ्हाईक टेबलाशी बसते. वेटर ३० किंवा ६० मिलिलिटरचा पेग आणतो, सोडा किती, पाणी किती हे विचारून ग्लास भरतो. सोबतीला शेंगदाणे, भाजलेला पापड असा चखना. पेय मापणारा माणूस बहुधा नजरेआड असतो, त्यामुळे नाते जुळते ते वेटरशीच. याउलट ब्रिटिश पबमध्ये गिऱ्हाईक उठून काउंटरवर जाते, बारटेंडरशी बोलते. व्हिस्कीचे माप तेथे २५ किंवा ३५ मिलिलिटर. नागपुरी बैठकीचा खरा मान मात्र जेवणाला: हलबा कोष्टी समाजाच्या सावजी रश्श्याची चव पेयापेक्षा अधिक काळ जिभेवर राहते.

आसपासच्या काही जिल्ह्यांत चित्र निराळे आहे. वर्धा व गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वय पूर्ण लागते. गोव्यात १८ पुरते.